शब्दचर्चा: 'एनर्व्हेट' म्हणजे बळ देणारं की काढून घेणारं?

गेल्या आठवड्यात एका अनुवादाची मुद्रितं तपासत होतो. वैशाखातल्या दुपारचं वर्णन. माणसं ओसरीवर आडवी, कुत्रं रांजणाच्या ओलीला जीभ काढून पडलेलं, आणि पुढे वाक्य: 'त्या चैतन्यदायी उकाड्यात कुणालाच हलवेना.' उकाडा आणि चैतन्यदायी? मूळ काढून पाहिलं तर 'एनर्व्हेटिंग हीट'. अनुवादकाला त्यात 'एनर्जी' ऐकू आली असणार. त्याला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही, जन्मापासून इंग्रजी बोलणारेही याच जागी घसरतात. शब्दाचा आवाजच फसवा आहे.

अर्थ नेमका उलटा. लॅटिनमध्ये 'ए' म्हणजे बाहेर आणि 'नर्व्हस' म्हणजे मुळात कंडरा, मांसाला हाडाशी बांधून ठेवणारी चिवट दोरी. ही दोरीच काढून घेतली की हात जागेवर असतो, मूठ वळत नाही. फ्रान्समध्ये एक जुनी दंतकथा आहे: बापाविरुद्ध उठलेल्या राजपुत्रांच्या पायांच्या कंडरा जाळल्या आणि त्यांना तराफ्यावर घालून सीन नदीत सोडून दिलं. तिथे त्यांना 'एनेर्वे' म्हणतात, तेही अगदी शब्दशः अर्थाने. गंमत म्हणजे आजच्या फ्रेंचमध्ये याच शब्दाचा अर्थ 'वैतागलेला' असा झालाय. त्यामुळे फ्रेंच शिकणाऱ्यांनी दोनदा सावध राहायचं.

आता घरचा मुद्दा. लॅटिन 'नर्व्हस', ग्रीक 'न्यूरॉन' आणि आपला 'स्नायु' ही एकाच कुळातली भावंडं. तिघांचाही जुना अर्थ कंडरा, तात. सुश्रुताने शरीरात 900 स्नायू मोजले आणि पेशी म्हणजे मांसाचे गट्ठे वेगळे, 500. फळ्या दोऱ्यांनी घट्ट बांधल्या की नाव भार वाहते, तसं माणसाचं शरीर स्नायूंनी बांधलेलं असतं, असा दृष्टान्तही त्याने दिलाय. पुढे वाटा फुटल्या. मराठीत स्नायू म्हणजे 'मसल' झाला, हिंदीत तोच शब्द 'नर्व्ह'कडे गेला. म्हणून हिंदी वाचताना 'स्नायु रोग' दिसला की आपल्याला दंडात गोळा आल्यासारखं वाटतं. पण ते असो. 'एनर्व्हेट'साठी सुश्रुताची ती नाव डोळ्यांसमोर आणा: फळ्या सगळ्या शाबूत, दोऱ्या तेवढ्या सुटलेल्या. मराठीत याला 'गात्रं गळणं' म्हणतात. 'थकवणे' लिहिलं की हे चित्र पुसलं जातं. थकायला आधी काही काम करावं लागतं. उकाड्यात माणूस काही न करताच गळाठतो.

बळ काढून घेणारे इंग्रजीतले आणखी काही शब्दही पाहू. त्यातल्या 'सॅप'ची गोष्ट याहून रंजक. स्पेलिंग एकच, शब्द मात्र दोन. एक झाडाचा रस. दुसरा फ्रेंचांच्या खोदकामातून आलेला: वेढा घातलेल्या किल्ल्याच्या तटाकडे नागमोडी चर खणत जाणं. ते खणणारे सॅपर. आपल्या खडकीचे 'बॉम्बे सॅपर्स' याच नावाचे. कुणाचा आत्मविश्वास 'सॅप' होतो तेव्हा मूळ चित्र तटाखालच्या चराचं, पण वर्षानुवर्षांच्या वापराने त्यात रस शोषला जाण्याचं चित्रही मिसळून गेलंय. मराठीला मात्र निवड करावी लागते. माझं मत 'पोखरणे'ला. 'सततच्या टोमण्यांनी तिचा आत्मविश्वास पोखरला गेला' यात हळूहळू, नकळत, आतून हे तिन्ही येतं.

'एक्झॉस्ट' सोपा: लॅटिनमध्ये पाणी उपसून काढणं. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅनही धूर उपसतोच की. 'एक्झॉस्टिव्ह लिस्ट' म्हणजे सगळं उपसून झालेली, काही न राहिलेली यादी. वाचणाऱ्याला दमवणारी नव्हे (तीही असते म्हणा).

'डेबिलिटेट' बहुतेकदा आजाराच्या सोबतीने येतो. चिकुनगुनिया होऊन गेला, ताप चार दिवसांत उतरला, पण दोन महिने बादली उचलवत नाही, ही ती अवस्था. 'जर्जर करणे' चालेल. नुसतं 'दुर्बल करणे' कोशात शोभतं, घरात कुणी म्हणत नाही.

प्रतिसाद: आमच्या उसाच्या पट्ट्यात याला एकच शब्द, चिपाड. 'कारखान्याच्या सीझनमध्ये माणसाचं चिपाड होतं.' रस गेला, उरलं ते जाळायचं. 'सॅप'ला हा घ्या की, पोखरणं कशाला?

उत्तर: शब्द झकास आहे, पण चिपाड हा शेवट झाला. पिळून झाल्यावरचा. 'सॅप'मध्ये क्रिया अजून चालू असते. तुमचं चिपाड मी 'ड्रेन्ड'साठी राखून ठेवतो.

प्रतिसाद: दादा, 'इमॅस्क्युलेट' राहिला. बातम्यांमध्ये 'कार्यकर्त्यांचं खच्चीकरण' रोज वाचतो, तोच ना?

उत्तर: अगदी तोच, जवळजवळ अक्षरशः. गोऱ्ह्याचा बैल करण्यासाठी जे करतात ते खच्चीकरण. ठोकळ्या टाइपात छापणाऱ्यांच्या ते ध्यानात नसतं बहुधा. वापरायला हरकत नाही, रुळलाय शब्द. पण 'महिला कर्मचाऱ्यांचं खच्चीकरण' असा मथळा पाहिला तेव्हा चहा नाकात गेला होता. तिथे 'हिंमत मारणे' किंवा 'उमेद खच्ची करणे' बरं. दुसऱ्यातही खच्ची आहेच, पण निदान उमेदीचं.

प्रतिसाद: आमची मुलं 'तिच्याशी बोलून मी ड्रेन होते' म्हणतात. याला मराठी काय?

उत्तर: आजीचं मराठी चालत असेल तर 'ती जीव खाते'. ते फार कडक वाटलं तर 'तिच्याशी बोलून आलं की अगदी रिकामं रिकामं वाटतं'. 'ऊर्जेचा निचरा होतो' मात्र नको, त्यात मोरी दिसते.

प्रतिसाद: मग त्या मुद्रितात शेवटी काय केलंत?

उत्तर: 'उकाड्याने अशी गात्रं गळाली होती की कुणालाच हलवेना.' अनुवादकाने मान्य केलं. फक्त समासात पेन्सिलीने विचारलंय, 'कुत्र्याचीसुद्धा?'