शेळीचा पाय मोडलाय, तातडीने मदत हवी आहे

बांधकरी:
उस्मानाबादी शेळी आहे. बांधाचा दगड घरंगळून पायावर आला. पाय टेकवतच नाही, नुसती ओरडतेय. गावातल्या एकाने सुई टोचली, काडीचा फरक नाही. मेडिकलमधून काय आणू तेवढं सांगा. 'डॉक्टरला दाखवा' हे मलाही कळतं, पण दवाखाना आता सकाळीच उघडणार.

शेरडंवाली:
कुठला पाय? पुढचा का मागचा? गुडघ्याच्या वर का खाली? कातडी फाटलीय का? फोटो टाका की. असं मोघम लिहिल्यावर कोण काय सांगणार दादा?

गोठेवाला:
मेडिकलचं नावच काढू नका. हाडसांधीचा वेल (चौधारी कांड्यांचा असतो तो) ठेचायचा, अंड्याच्या पांढऱ्यात कालवून लेप द्यायचा, वरून बांबूच्या कामट्या गच्च आवळायच्या. आमच्या आजोबांनी बैलांची हाडं अशीच बसवली. गुण येतोच.

बांधकरी:
पुढचा उजवा, गुडघ्याच्या खाली. मधोमध हात लावला की कटकट वाजतं. थोडं रक्त आलेलं, आता थांबलंय. गोठेवाला साहेब, वेल आहे बांधाला, आणतो लगेच.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त):
थांबा! रक्त आलं म्हणजे कातडी फुटलीय. बंद जखमेचं मोडणं वेगळं आणि हे वेगळं. उघड्या जखमेवर पाला, माती, हळद, शेण काही थापू नका, हाडात पू होईल. पाणी उकळून गार करा, लिटरला दोन लहान चमचे मीठ घाला आणि जखम धुवा. वर पोव्हिडोन आयोडिन लावून स्वच्छ गॉज ठेवा. मग कापसाचा जाड थर आणि पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची अर्धी पन्हाळ पायाला बाहेरून लावा. मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही त्यात अडकले पाहिजेत, नाहीतर हाड हलतच राहतं. खुरांची टोकं उघडी ठेवा. ती गार पडली किंवा सुजली तर पट्टी आवळलीय, लगेच सैल करा. हा फक्त रात्रीपुरता जुगाड. सकाळी 1962 ला फोन लावा, फिरतं पथक येतं, नाहीतर गाडीत घालून न्या. धनुर्वाताची सुई न विसरता मागा, शेळीला तो लवकर होतो.

गोठेवाला:
म्हणजे आमच्या आजोबांनी जनावरं मारली का काय? हल्ली शिकलेल्यांना सगळं पाइपच दिसतं.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त):
आजोबांवर बोललोच नाही. कामट्या उत्तमच, मीही बांधल्यात. भांडण फक्त जखमेवरच्या लेपाशी आहे.

निवांत:
वजन किती आहे? मोडलेल्या शेळीवर खर्च करण्यात अर्थ नाही. बाजारात चांगला भाव आहे, देऊन टाका.

शेरडंवाली:
निवांतदादा, त्यांनी भाव विचारलाय का?

रानवाटा:
तोवर दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्या, घरोघरी असतं.

कडेकपारी:
रानवाटा, जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली बहुतेक गिधाडं तशीच गेली. मेलॉक्सिकॅम असतं की, त्याने गिधाडांना अपाय होत नाही.

रानवाटा:
आमच्याकडे गिधाडं नाहीतच, मग?

कडेकपारी:
का नाहीत, तेच तर सांगतोय!

बांधकरी:
तुमची गिधाडं राहू द्या हो. पाइप बांधलाय, ओरडायची थांबलीय. शेळी चार महिन्यांची गाभण आहे, त्याने काही फरक पडतो का?

गुरांचा डॉक्टर (निवृत्त):
पडतो म्हणजे! आधी सांगा, ती सुई कसली होती? बाटलीवरचं नाव बघा. डेक्सामेथासोन असेल तर शेवटच्या दिवसांत गाभ पडायची किंवा अवेळी विण्याची भीती असते. शेळीचे दिवस साधारण 150, म्हणजे तुमची अगदी टोकाला आलीय. ज्याने सुई दिली त्याच्याकडून रिकामी बाटली घ्या आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. दुखण्याची गोळी किती द्यायची हे मी इथे लिहिणार नाही. गाभण आहे, ते तेच ठरवतील.

बांधकरी:
बाटली मिळाली, मेलॉक्सिकॅम निघालं.

शेरडंवाली:
सुटलात! आज अंगावर निजवू नका हं, छातीवर बसवून ठेवा. कुशीवर पडून राहिली की पोट फुगतं. दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावा, मधूनमधून कूस बदलून द्या. आणि पोटाखालून गोणपाट घालून टांगू नका, आत करडं आहेत.

बांधकरी:
दाखवून आणलं. नळीचं हाड मोडलंय, पण बाहेर आलेलं नाही. प्लास्टर घातलं, जखमेपाशी खिडकी ठेवलीय, तिथून रोज धुवायचंय. धनुर्वाताची सुई झाली, अँटिबायोटिक चालू आहे. शेवरीचा पाला खातेय, रवंथही करतेय. प्लास्टर किती दिवस ठेवायचं ते विचारायचं गर्दीत राहून गेलं.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त):
मोठ्या शेळीला साधारण 4 ते 6 आठवडे, करडाला कमी लागतात. रोज नाक लावून वास घ्या. कुबट वास आला, खालून ओल झिरपली किंवा माश्या घोंघावू लागल्या तर आठवड्यांची वाट बघू नका, उघडून घ्या. उन्हाळ्यात खिडकीतून अळ्या पडायला वेळ लागत नाही. कळपातून वेगळी बांधा, बाकीच्या शिंगं मारतात. आणि व्याली की दूध काढायच्या आधी त्या अँटिबायोटिकचा खंडकाळ, म्हणजे औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, ते डॉक्टरांना विचारा.

निवांत:
प्लास्टरला किती खर्च आला?

पाटलाची वाडी:
धागा छान चाललाय म्हणून इथेच विचारतो. माझ्या बोकडाच्या कानाला खाज सुटलीय, कशाने असेल?

शेरडंवाली:
वेगळा धागा काढा. आणि कुठला कान ते आधी लिहा!