केमनिट्स हे नाव जर्मन आहे का?

प्रश्न : नकाशात जर्मनीतलं सॅक्सनी राज्य बघत होतो. केमनिट्स, गोर्लिट्स, कोल्डिट्स... हे 'इट्स' काय प्रकरण आहे? आणि जुन्या अ‍ॅटलासमध्ये केमनिट्सच्या जागी कार्ल-मार्क्स-श्टाट लिहिलंय. शहर तेच ना?

उत्तर १ : शहर तेच. जर्मन यायच्या आधी त्या भागात स्लाव्ह लोक राहायचे, हा 'इट्स' त्यांचाच. त्यांच्या सोर्बियन या स्लाव्हिक भाषेत 'कामेन' म्हणजे दगड. तिथल्या नदीचं नाव पडलं दगडांवरून आणि शहराचं नदीवरून. ११४३ च्या सनदेत ते 'कामेनित्स' असं येतं. लाइपझिगही मूळचं स्लाव्हिकच, लिंडेनच्या झाडांवरून. आणि हो, स्पेलिंग बघून 'चेमनिट्स' म्हणू नका, सुरुवात 'क'नेच होते.

उत्तर २ : मार्क्सचं नाव १९५३ साली पूर्व जर्मनीच्या सरकारने वरून लादलं. गंमत म्हणजे मार्क्स तिथे कधी राहिलाच नव्हता! तो जन्मला ट्रिअरला, पार पश्चिम टोकाला. १९९० मध्ये मतदान झालं, सुमारे ७६ टक्के लोकांनी जुनं नाव मागितलं आणि १ जूनपासून ते परत आलं.

प्रश्नकर्ता : म्हणजे पुतळेबितळे सगळे हटवले असतील?

उत्तर २ : छे! मार्क्सचं सात मीटर उंचीचं ब्राँझचं डोकं अजून भर रस्त्यावर उभं आहे. नुसतं डोकं, धड नाही. मागच्या भिंतीवर 'जगातील कामगारांनो, एक व्हा' चार भाषांत कोरलंय. गावकरी त्याला 'निशेल' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं 'टाळकं'. नाव नको होतं, टाळकं चालतं!