क्रूझवर चारचौघांत बाळाला अंगावर पाजायचं आहे, कुठे आणि कसं?

शिडाची_होडी

बाळ साडेसात महिन्यांचं. सात रात्रींची क्रूझ, त्यात दोन दिवस नुसता समुद्र, बाकी रोज नवं बंदर. बाळ दिवसातून पाच-सहा वेळा अंगावर पितं, बाटलीला फारशी दाद देत नाही, वरचं खाणं चालू आहे. जहाज मोठं आहे, म्हणजे दर वेळी केबिन गाठायची तर लिफ्टची वाट बघण्यातच दहा मिनिटं जाणार आणि तोवर बाळ रडून लाल. म्हणून जिथे असू तिथेच पाजायचा विचार आहे. जेवणाच्या हॉलमध्ये, डेकवर, थिएटरमध्ये पाजलं तर कोणी हटकतं का? बसावं कुठे? बंदरावरच्या चार-पाच तासांच्या सहलीचं काय करावं? पंप न्यावा की ते उगाच ओझं होईल?

"केबिनमध्येच पाज" हा सल्ला कृपया नको. तो घरून मिळालेला आहे.

डेक_सात

सहसा कोणी हटकत नाही. बाळाला जिथे यायची मुभा आहे तिथे पाजायलाही हरकत नसते. जहाजाचा फक्त प्रौढांसाठी राखीव भाग असतो (बहुधा एखादा शांत डेक, स्पा, कॅसिनो), तिथे बाळच नेता येत नाही, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही. कायद्याचं म्हणाल तर खुल्या समुद्रात जहाजाचा ध्वज ज्या देशाचा त्या देशाचा कायदा लागतो, आणि बंदरात शिरलं की त्या बंदराच्या देशाचाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने आणि अमेरिकेत पन्नासही राज्यांच्या कायद्यांनी सार्वजनिक जागी पाजायला संरक्षण आहे. पण जहाजाची नोंदणी बऱ्याचदा बहामा, पनामा किंवा माल्टाची असते. जहाजावर कायद्याचं कलम काढून दाखवण्यात काही हशील नाही. निघण्याआधी कंपनीला एका ओळीचा ईमेल करून धोरण लेखी मागवा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. कोणी कर्मचारी बोललाच तर तेवढा पुरतो.

खरा त्रास लोकांचा नसतो, वाऱ्याचा आणि बाळाच्या मानेचा असतो.

आधी मान. सात-आठ महिन्यांचं बाळ आजूबाजूला काही हललं की पिता पिता वळतं, आणि वळताना तोंडातलं सोडतंच असं नाही. स्तनाग्र धरून मान फिरवतं, ताण येतो, मग एकदम सोडतं. नेमका पान्हा फुटलेला असला तर धार उडते. उघडं पडण्याचा प्रसंग बहुतेक वेळा असाच येतो, कपड्यांमुळे नाही. उपाय बसायच्या जागेत आहे: पाठ हॉलकडे, तोंड भिंतीकडे. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीला लागून गादीचे बाक असतात, तिथलं कोपऱ्याचं टेबल आधीच मागून घ्या. बाळाचं डोकं भिंतीच्या बाजूला येईल त्या बाजूने सुरुवात करा. दुसरी बाजू द्यायची वेळ आली की आपण उलटं फिरायचं नाही, बाळाला काखेखाली घ्यायचं, पाय पाठीमागे. म्हणजे डोकं भिंतीकडेच राहतं. मध्येच सोडवायचं असेल तर ओढू नका. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवायची, हवा शिरली की पकड आपोआप सुटते.

आता वारा. जहाज चालू असताना वरच्या उघड्या डेकवर वारा इतका असतो की पाजण्याचं कव्हर, स्टोल, मलमलचं कापड, सगळं तोंडावर येतं किंवा शिडासारखं फुगतं. त्यापेक्षा दोन थर घाला. आत खाली ओढता येणारी बनियन, वर ढगळ टॉप. वरचा वर, आतला खाली. पोट झाकलेलं राहतं आणि बाळाचं डोकं बाकीचं झाकतं. कव्हरशिवाय अवघडल्यासारखं होत असेल तर स्टोलचं एक टोक ब्राच्या पट्ट्याला अडकवा आणि दुसरं बाळाच्या पाठीखाली दाबून ठेवा. उन्हात मात्र कापडाखाली बाळ लवकर तापतं, तेव्हा नाक उघडं आणि मान कोरडी आहे ना हे हाताने बघत राहायचं.

जागेबद्दल माझा क्रम: वाचनालय किंवा पत्त्यांची खोली (दुपारी जवळजवळ रिकामी), मग दिवसा बंद असलेल्या बारचे कोच, मग डेकची वाऱ्याच्या आडोशाची बाजू. पोहण्याच्या तलावाजवळ सगळ्यात शेवटी. गाणी, शिंतोडे, पळणारी मुलं. बाळ दोन घोटांच्या पुढे जाणार नाही.

ओहोटी

डेक_सात यांना अनुमोदन, एक भर. जहाज हलत असेल तर उभ्याने, चालत पाजू नका. जिन्यात आणि लांब कॉरिडॉरमध्ये एक हात कठड्यावर हवाच. डोलणं सर्वात कमी लागतं ते जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर, त्यामुळे समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी तिथलीच खुर्ची शोधा. तीही जमिनीला स्क्रूने बसवलेली किंवा जड असावी.

बाळाला छातीशी बांधायच्या कॅरिअरमध्ये पाजायचं असेल तर घरी चार-पाच वेळा सराव करून जा, तिथे जाऊन शिकण्यासारखं ते नाही. कंबरेचा पट्टा न सोडता थोडा खाली सरकवायचा, मग ज्या बाजूने पाजायचं त्या खांद्याचा पट्टा दोन-तीन इंच ढिला करायचा, म्हणजे बाळाचं तोंड स्तनाग्राच्या पातळीला येतं. एका हाताने स्तनाला खालून आधार. बाळाची हनुवटी छातीवर दुमडलेली नको, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकी फट आणि नाक सतत डोळ्यांसमोर. पिऊन झालं की पट्टा लगेच आवळून बाळ पुन्हा वर घ्यायचं, कपाळाला ओठ टेकतील इतकं. हे विसरलं जातं. बाळ तसंच खाली झोपून जातं, मान पुढे पडते आणि श्वासाची वाट दबते.

थिएटरमध्ये शेवटच्या रांगेत, मधल्या वाटेला लागून बसा. अंधारात बाळ उलट छान पितं. पण स्पीकरच्या जवळ नको.

संध्याकाळची पंगत दोन खेपांची असेल तर पहिली घ्या. त्या जेवणाला दीड-दोन तास सहज लागतात आणि दुसऱ्या खेपेला बाळाची झोप आणि भूक एकदम येते.

वाफ_आणि_बर्फ

पंपाबद्दल. बाळ पूर्ण वेळ सोबत असेल तर मोठा विजेचा पंप नेऊ नका. साधा हाताचा किंवा बॅटरीवरचा पुरे, तोही छाती दाटली तर मोकळी करायला. बाळाला जहाजावरच्या पाळणाघरात ठेवणार असाल तर वेगळं. ते किती महिन्यांपासून घेतात आणि काढलेलं दूध पाजतात का, की पाजायला आईलाच बोलावतात, हे आधी विचारा. पुढचं सगळं पंप नेणाऱ्यांसाठी.

वीज: अडॅप्टरवर इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलेलं बघा. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरण वाचवणारा भाग) असलेली एक्स्टेंशन बॉक्स नेऊ नका, सामान तपासताना काढून घेतात. कारण उगाच नाही. बऱ्याच जहाजांच्या वायरिंगमध्ये घरच्यासारखी एक तार न्यूट्रल (बिनदाबाची) नसते, दोन्ही तारांत दाब असतो. घरगुती सर्ज प्रोटेक्टर अशा जोडणीत तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये तसा इशारा दिला होता. किटली, बाटली गरम करायचं यंत्र, विजेचा स्टेरिलायझर, म्हणजे तापणारं जे जे काही, तेही बहुतेक जहाजांवर चालत नाही. केबिनमध्ये मायक्रोवेव्हही नसतो, त्यामुळे वाफेने निर्जंतुक करायच्या पिशव्या निरुपयोगी.

फ्रिज: केबिनमधला मिनीबार हा बऱ्याचदा फक्त गार ठेवणारा डबा असतो. एका ग्लासात पाणी, त्यात छोटा थर्मामीटर, रात्रभर आत. सकाळी ४ अंश किंवा खाली असेल तरच दुधासाठी त्यावर भरवसा ठेवा. नसेल तर कंपनीच्या विशेष गरजांच्या फॉर्ममध्ये 'आईचं दूध साठवायला वैद्यकीय फ्रिज' असं बुकिंगनंतर लगेच लिहा, चढल्यावर मिळेलच असं नाही. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ४ दिवस, गोठवलेल्या आइस पॅकच्या पिशवीत २४ तास टिकतं. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवा नाहीतर ओता. डेकवर उन्हात ठेवलेल्या पिशवीला हा हिशोब लागू नाही.

धुणं: पंपाचे भाग केबिनच्या बेसिनमध्ये थेट नको, दुमडणारं टब न्या. आधी गार पाण्याने खळबळून, मग गरम पाणी आणि साबण, मग खंगाळून जाळीच्या पिशवीत एसीच्या झोताजवळ टांगा. बाथरूममध्ये ते दमटपणामुळे सुकत नाहीत, बाल्कनीत खारं पाणी बसतं. निर्जंतुक करायला गार पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या सर्वात सोयीच्या. पाणी आणि वेळ पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, भाग पूर्ण बुडलेले, आत बुडबुडा अडकलेला नको, आणि ते पाणी २४ तासांनी बदला.

अवांतर: काही जहाजांवर दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की दिव्यांबरोबर काही सॉकेटही बंद होतात. पंप चार्जिंगला लावून बाहेर पडण्याआधी तपासा.

शिडाची_होडी

सर्वांचे आभार, वायरिंगचं अजिबात माहीत नव्हतं. आता बंदराच्या सहलीबद्दल कोणी सांगेल का? आणि बोट लागली तर पाजणाऱ्या आईने कोणती गोळी घ्यावी? पोहण्याचा पोशाख समोर चेनचा घ्यावा का?

निळी_छत्री

सहल. जिथे जहाज धक्क्याला न लागता दूर नांगर टाकतं तिथे छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीची रांग आणि फेरी धरून तासभर जाऊ शकतो, आणि हलत्या छोट्या बोटीत पाजणं कठीण. म्हणून रांगेत उभं राहण्याच्या जरा आधी पाजा, भुकेची वाट न बघता. स्ट्रोलर तिथे दुमडावी लागते, कॅरिअर बरं. बस सहलीत शेवटच्या सीटऐवजी मधली खिडकी घ्या. पण बस चालू असताना बाळ त्याच्या सीटमध्ये किंवा पट्ट्यात असू द्या, थांब्यावर पाजा. प्रार्थनास्थळं आणि कपड्यांचे नियम असलेली ठिकाणं जहाजावरच्या सहल काउंटरला आदल्या संध्याकाळी विचारा. बंदराचा देश बदलला की रीतही बदलते, आणि तिथे जहाजाचा ईमेल कामाचा नाही.

बाळ जहाजावर ठेवून चार-पाच तास गेलात तर छाती दाटणार. हाताने काढायची सवय ठेवा: अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटीमीटर मागे. आधी आत छातीकडे दाबा, मग अंगठा-बोटं जवळ आणा, सोडा. त्वचेवर बोटं घासायची नाहीत. मोकळं वाटेल इतकंच काढा, पूर्ण रिकामं केलंत तर शरीर आणखी बनवतं. गाठ झालीच तर जोरात चोळू नका, त्याने सूज वाढते. गार शेक द्या आणि नेहमीसारखं पाजत राहा. ताप किंवा लाल चट्टा आला तर जहाजावरचा डॉक्टर.

पोशाख: चेनपेक्षा गळा खाली ओढता येईल असा बरा, ओली चेन बाळाच्या गालाला टोचते. घट्ट ओला पोशाख तासन्‌तास अंगावर ठेवला तर दाबाने गाठी होतात. पाण्यातून आल्यावर साध्या पाण्याने छाती खंगाळा, क्लोरिनच्या आणि मिठाच्या चवीने बाळ तोंड फिरवतं. सनस्क्रीन स्तनाग्राभोवती लावू नका, लागलं असेल तर पाजण्याआधी पुसा. डायपरवाल्या बाळांना, पोहण्याचा डायपर असला तरी, बऱ्याच जहाजांच्या मुख्य तलावात उतरू देत नाहीत, तेव्हा पाण्याबाहेर बाळाला कोण धरणार ते आधी ठरवा.

गोळी. डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिन अधूनमधून कमी मात्रेत घेतलं तर बाळाला सहसा त्रास होत नाही. रोज किंवा जास्त मात्रेत घेतलं तर बाळ सुस्त होऊ शकतं आणि दूधही कमी होऊ शकतं. घ्यायचीच तर रात्रीच्या शेवटच्या पाजण्यानंतर, आणि निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना नाव दाखवून. कानामागची स्कोपोलामीनची पट्टी तीन दिवस चालते, म्हणजे औषध तीन दिवस अंगात. ती न विचारता लावू नका. बाळाला मात्र यातलं काही द्यायचं नाही. प्रोमेथाझीन (हेही मळमळीचं औषध) तर दोन वर्षांखाली निषिद्ध आहे. तशी इतक्या लहान बाळांना बोट क्वचितच लागते.

ओहोटी

जुलाब-उलट्यांचं राहिलं. जहाजावर नोरोव्हायरस पसरतो. आईला झाला तरी अंगावर पाजणं थांबवू नका, विषाणू पसरतो तो हातातून. दर वेळी पाजण्याआधी साबण-पाण्याने २० सेकंद हात धुवा. दारात ठेवलेलं सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालत नाही. आईने क्षारसंजीवनीचं पाणी घोटघोट घेत राहावं, अंगातलं पाणी कमी झालं की दूधही आटतं. एरवीही एसी आणि ऊन यांच्यामध्ये तहान कळत नाही. पाजायला बसताना बाटली हाताशी हवी, पलीकडच्या टेबलावर नको.

डेक_सात

एक राहिलं. सुटण्याआधी सुरक्षा कवायत असते आणि ती चुकवता येत नाही. तीही नेमकी बाळाच्या दुपारच्या वेळेला येते. त्या ठिकाणी बसून पाजायला अडचण नाही, फक्त कॅरिअर काढून ठेवा, लाइफ जॅकेट त्याच्यावर बसत नाही. बाळाच्या मापाचं जॅकेट केबिनमध्ये ठेवलेलं नसतं. २४ तासांहून मोठ्या सफरीत प्रत्येक तान्ह्या बाळासाठी ते असणं बंधनकारक आहे, तेव्हा केबिनच्या कर्मचाऱ्याकडे चढल्या चढल्या मागा आणि एकदा घालून बघा.