थंडरबर्ड जीमेलचा बरोबर पासवर्ड नाकारत आहे : कारण आणि उपाय हवा

अक्षरजुळणी, नारायण पेठ

नमस्कार. पुण्यात नारायण पेठेत माझे अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. लेखक-प्रकाशकांकडून येणारी हस्तलिखिते आणि त्यांच्याकडे जाणारी मुद्रिते हा सगळा व्यवहार जीमेलच्या एकाच खात्यावरून, विंडोजवरील थंडरबर्ड या मेल पाहण्या-पाठवण्याच्या प्रोग्राममधून चालतो. सोमवारी गूगलकडून अनोळखी ठिकाणाहून प्रवेशाचा प्रयत्न झाल्याची सूचना आली, म्हणून मी लगेच खात्याचा पासवर्ड बदलला. त्या दुपारपासून थंडरबर्ड ‘लॉगिन फेल्ड’ असे दाखवून पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत आहे. नवा पासवर्ड ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालतो आणि फोनवर एकदा नव्याने लॉगिन केल्यावर तिथेही मेल येऊ लागला.

त्याच दिवसापासून स्कॅनरवरून थेट मेलने पाने पाठवण्याची सोयही बंद पडली आहे. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे की नाही, हे मला कळत नाही. खाते काढून पुन्हा जोडावे असे एका परिचितांनी सुचवले, परंतु लोकल फोल्डर्समध्ये, म्हणजे संगणकावरच साठवलेल्या फोल्डरांत, जुन्या पुस्तकांचा कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार असल्याने माझे धाडस होत नाही. शुक्रवारी एका पुस्तकाची अंतिम मुद्रिते पाठवायची आहेत, तेव्हा कृपया मार्ग सुचवावा.

मुद्रितशोधक, कर्वेनगर

ताई, आपल्या संगणकावर मराठी कळफलक चालू राहिलेला नाही ना? पासवर्डच्या चौकटीत केवळ ठिपके दिसतात, त्यामुळे अक्षरे देवनागरीत पडत आहेत हे लक्षात येत नाही. मला स्वतःला या एका कारणाने अर्धा दिवस घालवावा लागला होता.

अक्षरजुळणी, नारायण पेठ

ती शंका मलाही आली होती, म्हणून ब्राउझरमध्ये चाललेला पासवर्डच तिथून उचलून चिकटवून पाहिला. तरीही नाकारला गेला.

संगणक दुरुस्ती, धायरी

खाते काढू नका. आपण दिलेल्या माहितीत स्कॅनरचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दोन वेगळी उपकरणे एकाच दिवशी बंद पडली तर बिघाड थंडरबर्डमध्ये असण्याची शक्यता फार कमी उरते. दोन गोष्टी पाहून सांगा. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली साठवलेले पासवर्ड दिसतात, तिथे जीमेलसमोर आपलाच जुना पासवर्ड आहे की दुसरे काही आहे? आणि अकाउंट सेटिंग्जमधील ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’समोर काय निवडलेले आहे?

अक्षरजुळणी, नारायण पेठ

तिथे माझा पासवर्ड नाही. सोळा इंग्रजी अक्षरांची, काहीही अर्थ न लागणारी एक ओळ आहे, आणि ती मी कधीच टाकलेली नाही. मेथडसमोर ‘नॉर्मल पासवर्ड’ असे आहे. २०२२ मध्ये मेल असाच बंद पडला होता, तेव्हा एका तंत्रज्ञांनी येऊन दुरुस्त करून दिले होते, एवढे आठवते.

संगणक दुरुस्ती, धायरी

मग उलगडा झाला. ३० मे २०२२ पासून गूगलने केवळ नाव आणि खात्याचा पासवर्ड घेऊन बाहेरच्या प्रोग्रामला प्रवेश देणे बंद करण्यास सुरुवात केली. त्या वेळी तंत्रज्ञांनी आपल्या खात्यावर द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खात्री मागणारी सोय) सुरू करून एखाद्या प्रोग्राम वा उपकरणासाठीचा वेगळा, सोळा अक्षरांचा ‘अ‍ॅप पासवर्ड’ तयार केला असणार, आणि तसाच एक स्कॅनरलाही दिला असणार. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल आधीचे सर्व अ‍ॅप पासवर्ड रद्द करते, म्हणून दोन्ही उपकरणे एकदम थांबली. आता आपण थंडरबर्डला मुख्य पासवर्ड देत आहात. तो बरोबर असला तरी या वाटेने तो स्वीकारलाच जात नाही. पासवर्ड बदलला हे मात्र आपण योग्यच केले, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका.

थंडरबर्डसाठी पुन्हा अ‍ॅप पासवर्ड न घेता ‘ऑथेंटिकेशन मेथड’मध्ये ‘ओऑथ२’ (गूगलच्याच खिडकीतून परवानगी घेऊन प्रवेश देणारी पद्धत) निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. येणाऱ्या मेलचा सर्व्हर ‘आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम’, पोर्ट ९९३ आणि सुरक्षा ‘एसएसएल/टीएलएस’ हे तसेच राहू द्या. मेल तपासताच गूगलची स्वतःची खिडकी उघडेल आणि नवा पासवर्ड तिथे द्यावा लागेल. ती कोरीच राहिली, तर थंडरबर्डमध्ये कुकीज स्वीकारण्याची परवानगी बंद आहे असे समजून ती सुरू करा. या पद्धतीत पासवर्ड थंडरबर्डमध्ये साठवला जात नाही, केवळ परवानगीची खूण साठवली जाते. पुढे कधी पासवर्ड बदललात तर ही परवानगीही रद्द होईल, परंतु तेव्हा गूगलची तीच खिडकी समोर येईल आणि आजच्यासारखे चाचपडावे लागणार नाही.

स्कॅनरची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक जुन्या स्कॅनरना ओऑथ२ येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी गूगल खात्यात नवा अ‍ॅप पासवर्ड तयार करावा लागेल. तो एकदाच दाखवला जातो आणि चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो, पण टाकताना मधली जागा सोडू नये. कोणी द्विस्तरीय पडताळणी बंद करण्याचा सल्ला दिला तर ऐकू नका. ती बंद असेल तर अ‍ॅप पासवर्ड मिळतच नाही, आणि सोमवारच्या सूचनेनंतर ते कुलूप काढणे धोक्याचेही आहे.

अक्षरजुळणी, नारायण पेठ

आपले मनापासून आभार. सोमवारपासून अडकलेले सर्व मेल उतरले, त्यांत एका लेखिकेची प्रस्तावनाही होती. परंतु उत्तर पाठवू गेले तर पुन्हा तोच लॉगिनचा संदेश येतो.

निवृत्त अभियंता, औंध

येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलची मांडणी थंडरबर्ड वेगवेगळी ठेवतो. अकाउंट सेटिंग्जच्या डावीकडील यादीत सर्वांत खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ आहे. तिथे ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’ निवडून ‘एडिट’मध्ये जा आणि तिथेही ओऑथ२ करा. पोर्ट ४६५ असेल तर सुरक्षा ‘एसएसएल/टीएलएस’ हवी, ५८७ असेल तर ‘स्टार्टटीएलएस’ हवी. यांची अदलाबदल झाली तर जोडणीच होत नाही. वापरकर्त्याचे नाव म्हणून पूर्ण ईमेल पत्ता असावा. त्यानंतर साठवलेल्या पासवर्डांतील आयमॅप आणि एसएमटीपीच्या जुन्या नोंदी पुसल्या तरी चालतील, पण ‘ओऑथ’ या शब्दाने सुरू होणारी नोंद ठेवावी, कारण परवानगीची खूण तीच आहे.

अक्षरजुळणी, नारायण पेठ

जाणाऱ्या सर्व्हरवर ‘नॉर्मल पासवर्ड’ तसाच राहिला होता. बदल केला आणि मेल गेला. लोकल फोल्डर्स जसेच्या तसे आहेत. स्कॅनरलाही नवा अ‍ॅप पासवर्ड दिला आणि तो कशासाठी आहे, हे या वेळी कार्यालयाच्या वहीत लिहून ठेवले. अक्षरे मात्र लिहिली नाहीत. मुद्रिते आताच प्रकाशकांकडे पाठवली आहेत.