‘औषधवाहक’ म्हणजे एसटीतला कंडक्टर का?

बाळीवेसकर: पुतणी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, इथं सोलापुरात मराठीतून बोलणार आहे. विषय : नॅनो कणांतून आणि सच्छिद्र इम्प्लांटमधून (म्हणजे शरीरात बसवायच्या तुकड्यातून) औषध बेतानं सोडणं. तिनं ‘अब्जांश औषधवाहक’, ‘नियंत्रित विमोचन’ असं लिहून आणलं. आमच्या आई म्हणाल्या, “वाहक आला, मग चालक कुठाय?” चांगले शब्द सुचवा.

विजापूर वेस: ‘अब्जांश’ला नावं ठेवू नका. मीटरचा अब्जावा भाग, मोजमाप शब्दातच आहे. पण नॅनो युरियाची बाटली शेतावर पोचलीय, तेव्हा ‘नॅनो’ही चालेल. ‘विमोचन’ मात्र नको बे, ते हिंदीत पुस्तकांचं करतात. सरळ ‘पाझर’ म्हणा.

सांगोल्याचा बागायतदार: पाझर नाही पटत. पाझर तलावातनं किती पाणी जाईल ते कुणाच्या हातात असतं? डाळिंबाला ड्रिपर लावला की ताशी 4 लिटर म्हणजे 4 लिटर. बेतानं सोडायचं तर ‘ठिबक’.

पुतणी: काका, अर्धं पटलं. इम्प्लांटला ‘ठिबक’ चपखल बसतं. तो एका जागी असतो, आणि छिद्रं केवढी यावर औषधाचा वेग बराचसा ठरतो. 2 ते 50 नॅनोमीटरच्या छिद्रांना मेसोपोरस म्हणतात. औषधाचा रेणू बहुधा 1 नॅनोमीटरच्या आसपास, तो अंग चोरत बाहेर येतो. हाडात बसवला तर प्रतिजैविक तिथल्या तिथं मिळतं. फक्त सुरुवातीला बरंचसं औषध एकदम सुटतं, त्याला काय म्हणू?

बागायतदार: पहिला भसका.

पुतणी: लिहून घेतलं! पण नॅनो कण रक्तातून फिरतात, त्यांना ठिबक कसं म्हणू? डॉक्सिलला अमेरिकेत 1995 साली मान्यता मिळाली. त्यात डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध मेदाच्या दुपदरी आवरणात भरलेलं असतं, आकार साधारण 100 नॅनोमीटर. गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना फटी असतात, तिथून ते आत शिरू शकतं. हृदयाला होणारा त्रासही साध्या औषधापेक्षा कमी.

टॉवेल कारखाना: म्हणजे विरळ विणीचं कापड. घट्ट विणीतनं जे जात नाही ते तिथनं निसटतं. आणि मेदात बांधलेलं औषध म्हणजे पुडीच की! वैद्य बांधून द्यायचे तशी. ‘मेदपुडी’ म्हणा.

विजापूर वेस: ‘पुडी सोडणे’चा अर्थ वेगळा आहे, भाषणात जपून. 😄

बाळीवेसकर: आईंना पुडी कळली, ठिबकही कळलं. ‘सच्छिद्र’वर अडल्या. ‘जाळीदार’ म्हटलं तर म्हणतात, अनारशासारखं का?

पुतणी: आजीचं बरोबर आहे. असा इम्प्लांट औषधाच्या द्रावणात बुडवून ठेवतात, मग ते छिद्रांत शिरतं. अनारसा तूप पितो तसंच. ‘जाळीदार’ पक्कं.