काकांच्या मिनीडिस्क: काही चकत्या वाजतात, काही मुक्या आहेत, पुढे काय करावे?

प्रश्न – गावभाग, सांगली

सप्रेम नमस्कार.

माझे काका नोकरीनिमित्त अनेक वर्षे मस्कतला होते. १९९९मध्ये ते कायमचे सांगलीला परतले, तेव्हा खिशात मावेल एवढा एक मिनीडिस्क रेकॉर्डर, म्हणजे छोट्या चकतीवर आवाज मुद्रित करणारे यंत्र, त्यांनी बरोबर आणला. पुढची सात-आठ वर्षे ते मिरजेतील घरगुती मैफलींना, दर्ग्याच्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभांना आणि विशेषतः तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांच्या कारखान्यांत हे यंत्र घेऊन जात असत. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या वेळी ते अंथरुणाला खिळलेले होते. तरीही आपल्याकडे जुन्या कारागिरांचे बोलणे आणि जवारी लावतानाचे (तारांखालची घोडी घासून तानपुऱ्याचा नाद खुलवतानाचे) आवाज साठवलेले आहेत, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. गेल्या वर्षी ते गेले, आणि ४२ चकत्यांचा एक डबा व तो रेकॉर्डर माझ्याकडे आला.

सेलच्या कप्प्यात हिरवट गंज होता. तो मी वरवर साफ केला आणि बाहेरून सेल जोडायच्या डबीवर यंत्र सुरू केले. ३१ चकत्या स्वच्छ वाजतात. १० चकत्यांमध्ये वेळ पुढे सरकते, पडद्यावर नाव उमटते, पण आवाज मुळीच येत नाही. उरलेल्या एका चकतीवर काकांच्या अक्षरात ‘जवारी, शेवटची बैठक’ असे लिहिलेले आहे, पण यंत्र ती कोरी असल्याचे दाखवते. या यंत्राला पट्टीसारखा चपटा सेल लागतो. तो सांगली-मिरजेत मला कुठेही मिळाला नाही. दुसरे यंत्र विकत घ्यावे काय, घ्यायचे तर कोणते, आणि ही ध्वनिमुद्रणे संगणकावर कशी उतरवावीत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. खरे सांगायचे तर त्या चकत्या हाताळताना मला या प्रकाराची ओढ लागली आहे आणि यंदाच्या उरसात याच यंत्रावर स्वतः ध्वनिमुद्रण करावे, असेही मनात आहे.

उत्तर – सातारा, बारा वर्षांपासूनचा संग्राहक

नमस्कार. सर्वप्रथम एक विनंती: उरसाचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि पुढचे वाचण्यापूर्वी सर्व ४२ चकत्यांच्या कडेची छोटी खिट्टी सरकवून घ्या. खिट्टीमागचे छिद्र उघडे दिसले की चकती सुरक्षित झाली, म्हणजे त्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही. कॅसेटची खूण तोडण्यासारखाच हा प्रकार आहे. फक्त येथे काही तोडावे लागत नाही.

हा आग्रह कशासाठी, हे समजण्यासाठी यंत्राचे काम थोडे समजून घ्यावे लागेल. सोनीने १९९२च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये बाजारात आणलेली ही ६४ मिलिमीटर व्यासाची चकती चुंबकीय-प्रकाशीय पद्धतीची आहे. ध्वनिमुद्रण करताना खालून लेसरचा किरण एक सूक्ष्म बिंदू सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, त्या क्षणी वरच्या बाजूने टेकलेले चुंबकीय डोके त्या बिंदूची दिशा ठरवते आणि बिंदू निवला की ती दिशा कायम होते. त्यामुळे घरातल्या साध्या चुंबकाने चकती पुसली जात नाही. मात्र कोणता आवाज चकतीवर कुठे आहे, याची एक अनुक्रमणिका चकतीच्या आतल्या कडेला असते. तिला टीओसी म्हणतात, आणि ध्वनिमुद्रण थांबवल्यानंतरच ती लिहिली जाते. ती लिहिली जात असताना सेल संपला किंवा यंत्राला धक्का बसला, तर आवाज चकतीवर असूनही यंत्राला चकती कोरी वाटते. ‘शेवटची बैठक’ असे ठळक लिहिलेली आपली चकती कोरी दिसते, त्यामागे बहुधा हेच घडले असावे. तिच्यावर नवे काही लिहिले नाही, तर आवाज परत मिळण्याची आशा आहे.

मुक्या चकत्यांबद्दल एक विचारतो. त्या वाजवताना नावाच्या आधी पडद्यावर ‘एलपी:’ अशी अक्षरे दिसतात काय?

प्रश्नकर्ता – गावभाग, सांगली

होय, दहाही चकत्यांवर तशीच अक्षरे आहेत. मला ती काकांनीच घातलेली एखादी खूण वाटली होती.

उत्तर – सातारा, बारा वर्षांपासूनचा संग्राहक

मग चिंता नको. त्या चकत्या बिघडलेल्या नाहीत. ही अक्षरे यंत्र स्वतःच घालते. मूळ मिनीडिस्कवर एट्रॅक नावाच्या संक्षेपाने (कमी जागेत आवाज साठवण्याच्या पद्धतीने) सेकंदाला २९२ किलोबिट एवढी माहिती लिहिली जाते. सीडीच्या तुलनेत हे प्रमाण साधारण एक पंचमांश पडते. २००० साली एमडीएलपी ही सोय आली. तिच्या एलपी२ प्रकारात १३२ किलोबिटवर दुप्पट वेळ मिळतो, तर एलपी४ प्रकारात ६६ किलोबिटवर चौपट. त्याआधीच्या यंत्रांना ही भाषा कळत नाही. अशा यंत्रात चकती फिरते, वेळ सरकतो, पण आवाज निघत नाही. आपल्याकडचे यंत्र १९९९चे आहे, त्यामुळे ते त्या चकत्यांपुढे मुके होणारच.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. ती दहा ध्वनिमुद्रणे या यंत्रावर झालेलीच नाहीत. काकांकडे २०००नंतरचे दुसरे यंत्र होते किंवा त्यांनी ते कोणाकडून तरी घेतले होते. बाजारात जाण्याआधी घरातली कपाटे, माळा आणि जुन्या पिशव्या नीट पाहून घ्याव्यात.

चपट्या सेलबद्दल थोडे सांगतो. तो १.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड सेल आहे आणि नवीन स्वरूपात अजूनही परदेशातून मागवता येतो. आकाराने तसाच दिसणारा लिथियमचा सेल ३.७ व्होल्टचा असतो. तो काही नंतरच्या यंत्रांसाठी आहे आणि आपल्या यंत्रात घालू नये. कप्प्यातला हिरवट थर अल्कधर्मी असतो, म्हणून कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पत्र्या पुसाव्यात, मग स्वच्छ स्पिरिटने पुसून पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात. वापर झाला की सेल बाहेर काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. माझ्या संग्रहातली दोन चांगली यंत्रे केवळ आत विसरलेल्या सेलमुळे गेली, आणि त्याची हळहळ आजही वाटते.

उत्तर – मिरज, ध्वनिमुद्रण व्यवसाय

मी या चर्चेत जरा उशिरा येत आहे. पण विषय मिरजेच्या तानपुऱ्याचा असल्याने लिहिल्यावाचून राहवत नाही.

जवारीचा आवाज म्हणजे तारेखाली सरकवलेला दोरा आणि घोडीचा घासलेला पृष्ठभाग यांतून उमलणारी स्वरांशांची रांग. संक्षेपाची परीक्षा पाहायची तर याहून कठीण ध्वनी सापडणे अवघड आहे. माझ्या अनुभवात मूळ २९२ किलोबिटच्या मुद्रणात ही रांग समाधानकारक टिकते, एलपी२मध्ये लक्षपूर्वक ऐकल्यास किंचित धूसर होते, आणि एलपी४मध्ये मात्र तानपुरा ओलसर व खरखरीत वाटू लागतो. म्हणून काकांनी एलपी२ निवडले असेल तर ते जाणकार होते, असे मी म्हणेन.

संगणकावर उतरवण्याबद्दल: खिशातल्या बहुतेक यंत्रांना प्रकाशीय केबलने आवाज आत घेता येतो, पण बाहेर देता येत नाही. त्यामुळे तीन मार्ग उरतात. २००६मध्ये आलेला सोनीचा एमझेड-आरएच१ हा रेकॉर्डर जुन्या मिनीडिस्कवरील ध्वनिमुद्रण थेट डिजिटल स्वरूपात संगणकाला देतो. त्यासाठीच तो बनल्यासारखा आहे, आणि म्हणूनच आज त्याची किंमत अवाच्या सवा झाली आहे. शिवाय त्याचा छोटा पडदा वापराने अंधुक होत जातो. दुसरा मार्ग २००१पासून आलेल्या नेटएमडी यंत्रांचा आहे. मुळात ही यंत्रे संगणकावरून चकतीवर गाणी घेण्यापुरतीच केलेली होती, पण चाहत्यांनी तयार केलेल्या ‘वेब मिनीडिस्क प्रो’ या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे सोनीच्या बऱ्याच छोट्या नेटएमडी यंत्रांतून आता ध्वनिमुद्रण बाहेरही काढता येते. हरवलेली टीओसी दुरुस्त करण्याची सोयही त्यात आहे, परंतु ती नवख्याने ‘शेवटच्या बैठकी’वर प्रथम वापरून पाहू नये. आधी एखादी निरुपयोगी चकती घेऊन हात बसवावा.

तिसरा मार्ग सर्वांत साधा आणि माझ्या मते सुरुवातीला सर्वांत शहाणपणाचा. यंत्राच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून) संगणकाला जोडलेल्या चांगल्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकात घेणाऱ्या उपकरणात, आवाज घ्यावा आणि २४ बिटमध्ये साठवावा. ३१ चकत्या प्रत्येकी ७४ मिनिटांच्या धरल्या तर सुमारे अडतीस तास लागतील. रोज संध्याकाळी एक चकती घेतली, तर महिन्याभरात काम होते, आणि प्रत्येक चकती पूर्ण ऐकलीही जाते. कोणत्या मिनिटाला कोणता कारागीर काय बोलला, याची टिपणे त्याच वेळी वहीत घ्यावीत, कारण हे आवाज ओळखणारी माणसे आज आहेत, उद्याचे सांगता येत नाही. मैफलींची ध्वनिमुद्रणे इतरांना देण्यापूर्वी त्या कलाकारांच्या कुटुंबीयांची संमती घ्यावी, हेही येथे नोंदवतो.

उत्तर – विश्रामबाग, सांगली

वरील दोन्ही सदस्यांशी मी सहमत आहे. मात्र यंत्र केवळ जपून ठेवण्याची वस्तू आहे, या सुराशी नाही. न वापरलेल्या यंत्रातले वंगण घट्ट होते आणि लेसरची गाडी आपल्या रुळांवर अडखळू लागते. मी माझी चारही यंत्रे महिन्यातून एकदा तरी पूर्ण चकतीभर वाजवतो. २०१९च्या पुरात तळमजल्यावरचे बरेच सामान गेले. पण यंत्रे आणि चकत्या हवाबंद डब्यात माळ्यावर होत्या, म्हणून वाचल्या. कृष्णाकाठच्या दमट हवेत सिलिका जेलची पुडी आणि उंचावरची जागा या दोन गोष्टींत तडजोड करू नये.

उरसात ध्वनिमुद्रण अवश्य करा, पण नव्या चकतीवर, आणि शेजारी एखादे आधुनिक यंत्रही चालू ठेवून. सोनीने कोऱ्या चकत्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवले आहे, तेव्हा मिळतील त्या पाच-दहा आताच घेऊन ठेवाव्यात. मायक्रोफोन यंत्राला चिकटवून ठेवू नका. चकती मधूनमधून फिरते आणि तिची घरघर मुद्रणात उतरते. लांब वायरचा मायक्रोफोन वेगळ्या स्टँडवर लावावा आणि पातळी हाताने ठरवावी. स्वयंचलित पातळीवर सोडल्यास आलापातल्या शांततेत तानपुरा फुगतो आणि टाळ्या पडल्या की दबून जातो.

आणखी एक. जपानमधून जुने यंत्र मागवलेत, तर सोबत येणारे चार्जर १०० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावले, तर क्षणात जळते. तेथील विक्रेते ‘जंक’ या सदरात जे विकतात, त्यातले काही केवळ तपासलेले नसते आणि काही खरोखरच निकामी असते. म्हणून चालू स्थितीतला व्हिडिओ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्नकर्ता – गावभाग, सांगली

आपणा सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. दुसरे यंत्र सापडले. काकांच्या तानपुऱ्याच्या गवसणीला बाहेरून एक खिसा आहे. तारांची वेटोळी आणि जवारीचा दोरा ठेवण्यासाठी तो असावा, असे समजून आजवर आम्ही कोणी तो उघडलाच नव्हता. आत कापडात गुंडाळलेले चांदीच्या रंगाचे यंत्र निघाले, आणि त्याच्या झाकणावर नेटएमडीची खूण आहे. सेल वेगळा काढून ठेवलेला होता, त्यामुळे कप्पा अगदी स्वच्छ आहे.

दहाही मुक्या चकत्या त्यावर बोलल्या, आणि त्या सर्व एलपी२च्या आहेत. प्रत्येक तुकड्याला काकांनी रोमन अक्षरांत नाव दिले आहे: कारागिराचे नाव, वर्ष आणि कोणत्या तानपुऱ्याची जवारी. एका चकतीत कानशीचा आवाज थांबतो, कोणीतरी तार छेडतो, आणि काका हळूच विचारतात, “अजून थोडी उघडायची का?” त्यावर कारागीर उत्तर देत नाहीत, पुन्हा कानस चालू होते.

सर्व चकत्यांच्या खिट्ट्या सरकवल्या आहेत. ‘शेवटची बैठक’ वेगळ्या डबीत ठेवली असून, मिरजेच्या सदस्यांची हरकत नसेल तर ती घेऊन मी त्यांच्याकडे येईन. तोवर घरी लाइन-आउटने पहिल्या चकतीपासून सुरुवात करतो; इंटरफेस उद्या येत आहे.