बंगालमधून पेनांगपर्यंत: १५९ स्क्वॉड्रनची लिबरेटर विमाने

प्रश्न (गगनवेध):
नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची १५९ स्क्वॉड्रन मेदिनीपूरजवळच्या दिग्री तळावरून ब्रह्मदेश, सयाम आणि मलायावर मोहिमा करीत असे. तिच्या विमानांनी ऑक्टोबर १९४४ मध्ये थेट मलायातील पेनांग बंदरात जहाजांविरुद्धचे पाणसुरुंग पेरल्याचे वाचले. एवढ्या अंतरावर भार नेऊन परतणे त्या काळात कसे साधले असेल? या कामासाठी ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाऐवजी अमेरिकी लिबरेटर बॉम्बफेकी विमान का वापरले गेले, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (जुना वाचक):
आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. युरोपात इंग्लंडमधून बर्लिन गाठून परतण्यास लँकेस्टर पुरेसे होते आणि बॉम्ब वाहण्याची त्याची क्षमताही मोठी होती. परंतु बंगालच्या उपसागराच्या काठाने तेनासेरिम (दक्षिण ब्रह्मदेशाची किनारपट्टी), बँकॉक किंवा मलाया गाठायचे तर अंतर हाच पहिला शत्रू ठरतो. लिबरेटरचे अरुंद पण लांब पंख, ज्यांचा विस्तार ११० फूट होता, हवेचा विरोध कमी ठेवून दूरवर उडण्यास अनुकूल होते. प्रत्येकी सुमारे १,२०० अश्वशक्तीची त्याची चारही इंजिने हवेने थंड होणारी होती.

तरीही केवळ विमानामुळे हे साधले असे म्हणता येणार नाही. १९४४ मध्ये या स्क्वॉड्रनचे नेतृत्व करणारे विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांनी इंधनाच्या वापराचा बारकाईने अभ्यास केला. इंजिनाचे फेरे शक्य तितके कमी ठेवणे, हवेच्या प्रमाणात इंधन बेताचे देणे आणि भार हलका होत जाईल तसतशी ही मांडणी बदलत राहणे, या शिस्तीतून गॅलनागणिक कापले जाणारे अंतर वाढते. या प्रयोगांमुळे सुमारे १,००० मैलांवरच्या लक्ष्यापर्यंत नेता येणारा भार ३,००० पौंडांवरून ८,००० पौंडांपर्यंत गेला. माझ्या मते या स्क्वॉड्रनचे सर्वांत मोठे कर्तृत्व हेच आहे. शौर्यकथांमध्ये वैमानिकाच्या धाडसाला जागा मिळते, पण रात्रभर इंधनमापकाकडे लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरच्या चिकाटीला मात्र मिळत नाही.

उत्तर (सागरकाठ):
वरील माहितीत पेनांगच्या मोहिमेची थोडी भर घालतो. २७ ऑक्टोबर १९४४ रोजी निघालेल्या पंधरा लिबरेटरांनी जाऊन-येऊन ३,००० मैलांहून अधिक अंतर कापले. प्रत्येक विमानात १,००० पौंडांचे चार सुरुंग होते. पेनांग हा जपानी पाणबुड्यांचा महत्त्वाचा तळ होता आणि जर्मन पाणबुड्याही तेथून हिंदी महासागरात निघत असत. बंदर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या सामुद्रधुनीत असल्याने तेथील वाटेत पेरलेले सुरुंग फार परिणामकारक ठरतात, कारण ते साफ होईपर्यंत जहाजांना आत-बाहेर करता येत नाही. पॅराशूटने उतरणारे हे सुरुंग नेमक्या जागी पडावेत म्हणून विमानांना बरेच खाली यावे लागे, आणि बंदराभोवतीच्या विमानभेदी तोफांचा धोका त्याच वेळी सर्वाधिक असे.

प्रश्न (गगनवेध):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. युद्ध संपल्यावर या विमानांचे काय झाले?

उत्तर (जुना वाचक):
स्क्वॉड्रन १९४६ मध्ये विसर्जित झाली. लिबरेटर अमेरिकेकडून उधार-भाडे (लेंड-लीज) करारावर आलेले असल्याने ती परत करायची किंवा नष्ट करायची होती; म्हणून युद्धानंतर भारतातील अनेक विमाने कानपूरला गोळा करून ती पुन्हा उडू नयेत अशा रीतीने मुद्दाम मोडण्यात आली. तरीही हिंदुस्थान एअरक्राफ्ट या भारतीय विमान कंपनीच्या अभियंत्यांनी त्या ढिगातील सुटे भाग जुळवून चाळीसच्या आसपास विमाने पुन्हा उभी केली. त्यांतूनच २ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय हवाई दलाची ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन उभी राहिली. पुढे १९५१ मध्ये पुण्यात ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनलाही सागरी टेहळणीसाठी लिबरेटर मिळाले आणि ते १९६८ पर्यंत सेवेत होते. पुणेकरांना ही विमाने लोहगावच्या आकाशात वर्षानुवर्षे दिसत असत. कानपूरच्या त्या ढिगातून वाचलेली काही विमाने आज ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतील संग्रहालयांत आहेत. ब्रिटनमधले विमान १९७४ मध्ये भारतातून स्वतःच्या पंखांवर उडत तेथे गेले.